दोरीवरून कामाला

घरापासून इथवर मिनीबस.
दारात लोंबकळणारं पोरगं बोंबलतं, जागा आहे, जागा आहे,
आणि जागा म्हणजे माझ्या मांडीवर कुणाचं तरी बटाट्याचं पोतं.
उतरताना सुटे मागतं. सुटे दिले की म्हणतं, कमी आहेत,
भाडं काल रात्री वाढलं.
दातओठ खात मी आणखी पन्नास सेंटाव्हो काढतो.

मग रांग. एल आल्तोच्या कडेला,
जिथे पठार संपतं आणि ला पास खाली दिसतं,
कुणाच्या हातून सांडल्यासारखं.
गुरुवारी तर विचारूच नका, बाजाराचा दिवस.
माझ्यापुढे एक माणूस, त्याच्या पाठीवर विकायला नेलेला आरसा,
आरशात मी, अजून झोपेत.

तारेवरचा लाल डबा येतो. थांबत नाही, नुसता रेंगाळतो,
दारातूनच निघतो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.
चढायचं. पाच इकडे, पाच तिकडे, गुडघ्याला गुडघा.
आणि खाली रस्त्यावर एकमेकांच्या आयांचा उद्धार करणारे आम्ही
इथे आत शिरलो की म्हणतो, बुएनोस दिआस.
बाकीचे नऊ परत म्हणतात.

माझा धंदा कवळ्यांचा.
सोपोकाचीत एका डॉक्टरच्या मागल्या खोलीत
मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या.
त्यामुळे मला नमस्कार ऐकू येत नाही, दिसतो.
याचा डावा सुळा गेलाय.
या बाईच्या दातांना सोन्याची किनार.
हे पोरगं तारा लपवायला ओठांतल्या ओठांत पुटपुटतं.
आणि ती, तोंडावर हात ठेवूनच बोलते:
म्हणजे पुढचे दोन, आणि पैसे नाहीत.
हसतील त्यांचे दात दिसतील म्हणे.
इथे हसावंही लागत नाही.

डबा कड्यावरून सुटतो, पोटात खड्डा पडतो. इतकी वर्षं झाली, तरी.
खाली गच्च्या.
एका गच्चीवरचा कुत्रा प्रत्येक डब्यावर वेगळा भुंकतो,
दर बारा सेकंदांनी एक. नोकरी करावी तर अशी.
कुणाचा तरी निळा टॉवेल तीन आठवडे वाळतोय.
एका पत्र्यावर हातभर अक्षरांत रंगवलंय: नोएमी, माफ कर.
मागल्या महिन्यापासून खाली, दुसऱ्या रंगात: नाही.

मग दफनभूमी. भिंतीत कप्पे, कप्प्यांना काचा, काचांमागे फुलं.
तिसरी गल्ली, वरून दुसरी ओळ: माझे वडील, सेवेरो.
पहिली कवळी मी त्यांचीच केली. सैल झाली.
बोलताना टकटक वाजायची, सूप पिताना घसरायची.
नीट करून देतो, सांगून सांगून माझ्या दाताच्या कण्या झाल्या.
ते म्हणायचे, राहू दे, तेवढीच सोबत.
तीच घालून गेले.
भाऊ वर्षातून एकदा येतो, नोव्हेंबरात, पाव आणि फुलं घेऊन.
मी आठवड्यातून बारा वेळा, रिकाम्या हाती, वरून.

मंगळवारी वारा सुटला आणि तार थांबली.
बरोबर तिथेच.
भोंग्यातून बाई म्हणाली, शांत बसा. डबा झुलायला लागला.
साडेसातनंतर डॉक्टर अर्धा दिवस कापतो.
मी वाऱ्याला, तारेला, डॉक्टरच्या घड्याळाला
मनातल्या मनात घातल्या तेवढ्या शिव्या घातल्या.
सोन्याच्या किनारवालीने पाठीवरचं गाठोडं सोडलं, संत्री काढली,
सोलली, एकेक फोड फिरवली.
दहा जण, एकच वास.
तोंडावर हात ठेवणारीने हात काढला.
पुढचे तीन. माझा अंदाज चुकला होता.

खिशातलं डॉक्टरचं कार्ड चाचपलं.
काढलं नाही. संत्रं खाता खाता धंदा, बरं दिसत नाही.

खाली काहीतरी टकटक वाजत होतं.
पत्रा असेल. वाऱ्याने वाजतात.
मी तरी म्हणालो, बुएनोस दिआस.
सवयीने नऊ जण परत म्हणाले.